बॉनेट उघडून गिअर ऑइल दिसत नसतं

दसरा-पाडव्याला नव्या गाड्या घरी येतात आणि त्यांच्या मागोमाग एक मेसेजही येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो: "नवीन मॅन्युअल गाडी घेतलीत? शोरूमवाले सांगणार नाहीत, पण कंपनीतून ट्रान्समिशन फ्लुइड कमीच भरून येतं. डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करा, चालू ठेवा, सगळे गिअर एकदा फिरवा आणि डिपस्टिकने लेव्हल बघा. कमी असेल तर टॉप-अप करा, थोडं जास्त झालं तरी चालतं. गिअर जड पडत असेल तर फ्लुइड नक्की कमी आहे. पहिल्या हजार किलोमीटरला ते बदलून जाड ग्रेडचं टाका. पुढे पाठवा, कुणाचा तरी गिअरबॉक्स वाचेल."

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हा सल्ला कुणी तंतोतंत पाळला, तर गिअरबॉक्स वाचायचा राहील बाजूला, गाडीचे ब्रेक जायची वेळ येईल. ते कसं, हे ओघात येईलच.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची काडी. (मेसेजमधलं ट्रान्समिशन फ्लुइड म्हणजे गिअरबॉक्समधलं ऑइल.) बहुतेक मॅन्युअल गाड्यांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसतेच. बॉनेट उघडल्यावर जी काडी हाताला लागते ती इंजिन ऑइलची. गिअरबॉक्सच्या बाजूला, साधारण मध्यावर एक बोल्ट असतो, तो लेव्हल प्लग. बहुतेक गाड्यांत ऑइल भरायचं भोकही तेच. तळाला दुसरा बोल्ट असतो तो ड्रेन प्लग. तपासायचं तर गाडी लिफ्टवर सपाट उचलायची, इंजिन बंद, ऑइल खाली बसू द्यायचं, मग बाजूचा प्लग काढायचा. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असलं की लेव्हल बरोबर. मेकॅनिक करंगळीचं टोक आत घालून खाली वाकवतो. ऑइल लगेच लागलं, किंवा काठावरून जरासं ओघळलं, की झालं. बोट कोरडंच बाहेर आलं तर कमी आहे. काही मॉडेलमध्ये पद्धत वेगळी असते, तिथे त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल म्हणेल ते प्रमाण.

हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर करायच्या भानगडीत पडू नका. एक बाजू उचलली की ऑइल दुसऱ्या बाजूला कलतं आणि लेव्हल चुकीची दिसते. शिवाय तो जॅक टायर बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नसतं.

मग "इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर फिरवून" हे आलं कुठून? हा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद फ्लुइडमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांचा नियम आहे. त्या गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर फिरतो, फ्लुइड टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या वाटांमध्ये पसरलेलं असतं, म्हणून जुन्या अनेक ऑटोमॅटिकमध्ये गाडी गरम आणि चालू ठेवूनच काडी बघायची पद्धत होती. अमेरिकेत बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, त्यामुळे तिकडच्या टिपा तशाच असतात. कुणीतरी ती टीप उचलली आणि आपल्याकडच्या पाच गिअरच्या हॅचबॅकला चिकटवली. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला सहसा पंपच नसतो. खालची चक्रं ऑइलमध्ये बुडालेली असतात, फिरताना तेच ऑइल वर उडवतात आणि त्यावर सगळ्यांचं वंगण होतं. म्हणजे गाडी चालू असताना ऑइल तळाशी नसून चक्रांवर आणि भिंतींवर असतं. त्या वेळी लेव्हल बघून काय हाती लागणार?

एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरबॉक्सवाल्यांसाठी इथेच एक कंस उघडतो. क्लच पेडल नाही म्हणून ती गाडी ऑटोमॅटिक, असं धरून चालू नका. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडे रुळायला लागली, तेव्हापासून हा गोंधळ आहे. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. ते यंत्र हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं असेल तर त्याचं ऑइल निराळं आणि गिअरबॉक्सचं निराळं.

आता ब्रेकचा मुद्दा. मेसेज वाचून माणूस बॉनेट उघडतो. गिअरबॉक्सची डिपस्टिक सापडत नाही. मग नजर फिरते ती मिन-मॅक्सच्या रेघा असलेल्या डबीवर. ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीलगत असणारी ती अर्धपारदर्शक डबी ब्रेक ऑइलची असते. हायड्रॉलिक क्लचच्या अनेक गाड्यांत क्लचलाही तिथूनच ऑइल जातं, त्यामुळे "हे क्लचचं, म्हणजे गिअरचंच असणार" असा समज व्हायला वेळ लागत नाही. त्यात डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड असतं, ग्लायकॉलच्या जातीचं. तिथे गिअर ऑइल किंवा ऑटोमॅटिकचं लाल फ्लुइड ओतलं, की खनिज तेलाशी न जमणारे आतले रबरी सील फुगतात. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळीकडे हेच रबर आहे. ब्रेक धरून बसतात किंवा लागेनासे होतात. नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही, सिस्टीम धुवून रबरी भाग बदलावे लागतात. झाकणभर गेलं तरी गाडी सुरू न करता टो करून न्यावी, इतकं हे गंभीर आहे. मेसेजमधल्या बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील. ही चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते.

केबलचा क्लच असेल तर त्याला ऑइल नसतंच, उगाच शोधत बसू नये.

"थोडं जास्त झालं तरी चालतं" हेही खोटं. जास्तीचं ऑइल चक्रं घुसळतात, त्याला फेस येतो, तापमान वाढतं आणि ऑइल ब्रीदरमधून (हवा जायच्या वाटेतून) किंवा सीलमधून वाट काढतं. इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याच्या सीलमधून गळलं तर थेट क्लच प्लेटवर, आणि क्लच घसरायला लागतो. लहान गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल मावतं साधारण दोन लिटरच्या आसपास, म्हणजे "थोडं" म्हणून ओतलेलं अर्धा लिटरसुद्धा तिथे थोडं नसतं.

"कंपनीतून कमीच भरून येतं" याला कुणी पुरावा दिलेला मी तरी पाहिलेला नाही. जुळणीच्या लाइनवर ऑइल मोजून यंत्राने भरलं जातं आणि गाडी लाइनवरून उतरते ती स्वतःच्या गिअरवर चालत. कारखान्यात चूक होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण गिअर ऑइल काही इंजिन ऑइलसारखं जळत नाही, त्याचा ज्वलनाशी संबंधच येत नाही. एकदा बरोबर भरलं की ते कमी व्हायला एकच रस्ता उरतो, गळती. त्यामुळे नव्या गाडीच्या मालकाने रोज बघण्यासारखी गोष्ट गाडीखालची फरशी आहे. रात्रभर गाडी उभी होती तिथे पुठ्ठा टाकून ठेवा, डाग पडतो का ते सकाळी बघा. एसीचं पाणी असेल तर ते वाळून जाईल. गिअर ऑइल चिकट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा हुंगला की परत ओळखायला अडचण पडत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत एक्सल जिथून गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं ऑइल सील ही गळतीची नेहमीची जागा. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी चक्रांची पेटी) मागे वेगळं असतं आणि त्याचं ऑइलही वेगळं, तेव्हा तिथेही नजर टाका. पुढच्या चाकांवरच्या लहान गाड्यांत ते दोन्ही एकाच पेटीत, एकाच ऑइलवर चालतं.

मला विचाराल तर कारखान्यापेक्षा जास्त धास्ती पहिल्या ऑइल चेंजची वाटते. गाडीखाली दोन ड्रेन प्लग, एक इंजिनचा आणि एक गिअरबॉक्सचा. नवख्या पोऱ्याने घाईत गिअरबॉक्सचा उघडला, त्यातलं ऑइल काढलं, आणि वरून इंजिनमध्ये नवीन ऑइल ओतलं, असं जगभरच्या गॅरेजमध्ये घडत आलंय. परिणाम असा की गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनमध्ये जवळपास दुप्पट ऑइल. सर्व्हिसहून गाडी आणल्यावर इंजिन ऑइलची काडी ओढून बघा. लेव्हल वरच्या खुणेच्या खूप वर दिसली तर गाडी सुरू करू नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा. सगळ्या मेसेजमध्ये डिपस्टिकचा खरा उपयोग असलाच तर हा, आणि नेमका तोच त्यात नाही.

गिअर जड पडतो म्हणजे ऑइल कमी, हे निदानही घाईचं आहे. सकाळी थंड गाडीला दुसरा गिअर जड पडणं हे नव्या गाडीत नेहमीचं, कारण गार ऑइल घट्ट असतं. दोन-तीन किलोमीटरनंतर तो सुतासारखा पडत असेल तर काळजी नाही. रिव्हर्सला कर्रर्र आवाज येतो, कारण अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी चक्रांचा वेग जुळवणारा भाग नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका. रिव्हर्समध्ये गाडी चालताना येणारा घुंऽऽ आवाज रिव्हर्सच्या चक्रांच्या सरळ दात्यांचा. गरम झाल्यावरही प्रत्येक गिअर अडत असेल तर आधी संशय क्लच पूर्ण सुटत नसल्याचा किंवा गिअर केबलच्या सेटिंगचा घ्यावा. आणि हो, क्लचखाली सरकलेलं फूटमॅट. हसू नका, क्लच अर्धाच दाबला जायचं ते अगदी साधं कारण आहे.

हजार किलोमीटरला बदलायच्या सल्ल्यात मात्र थोडं तथ्य आहे. नवे दाते एकमेकांत बसताना बारीक चुरा पडतो, आणि जुन्या काळी गिअर ऑइलही सुरुवातीलाच बदलायची पद्धत होती. तो चुरा धरायला अनेक गिअरबॉक्समध्ये लोहचुंबक असतो, काहींत ड्रेन प्लगच्याच टोकाला. बदलताना त्यावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरू नका. बोटांत टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा दिसला तर मात्र प्रकरण गंभीर. पण आज बहुतेक कंपन्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल हजाराच्या कितीतरी पट किलोमीटरनंतर बदलायला सांगतात. वॉरंटीतल्या गाडीचा प्लग बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडलात आणि पुढे सील गळलं, तर वाद ओढवून घेतलात. मालकाच्या पुस्तकात मागच्या पानांवर मेंटेनन्सचं कोष्टक असतं. त्यात मॅन्युअल ट्रान्समिशन ऑइलच्या ओळीत किती किलोमीटरला नुसतं तपासायचं आणि किती किलोमीटरला बदलायचं हे स्पष्ट दिलेलं असतं. ते वाचायला पाच मिनिटं पुरतात.

जाड ग्रेडचा हट्ट तर निव्वळ तोट्याचा. सिंक्रोची रिंग काम करते ती घर्षणावर: तिने ऑइलचा पातळ थर कापून समोरचा कोन पकडायचा आणि दोन्हींचा वेग जुळवायचा. ऑइल जितकं घट्ट, तितका हा थर कापायला वेळ लागतो. म्हणजे जड पडणाऱ्या गिअरवर उपाय म्हणून जाड ऑइल टाकलं की गिअर आणखी जड. शिवाय गिअर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडायचे नसतात, दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या. ७५डब्ल्यू-९० या गिअर ऑइलच्या ग्रेडमधलं ९० हे प्रत्यक्षात इंजिन ऑइलच्या ४० च्या आसपासच भरतं. होंडाच्या जुन्या मॅन्युअल गाड्यांच्या पुस्तकात तर ठरलेलं फ्लुइड मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालेल, असं कंपनीच सांगायची. यावरून हे गिअरबॉक्स किती पातळ ऑइलसाठी बनवलेले असतात ते कळावं. जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दोन प्रकारांतही "पाच म्हणजे वरचा दर्जा" असं नाही. जीएल-५ मुख्यतः हायपॉइड (दात्यांवर जास्त दाब आणि घसरण असलेल्या) डिफरन्शिअलसाठी, त्यात जादा दाबाचे अ‍ॅडिटिव्ह जास्त. त्याने सिंक्रोची पकड बिघडू शकते आणि जुन्या धाटणीचे अ‍ॅडिटिव्ह गरम झाल्यावर पितळी रिंगा खातात. पुस्तकात जे लिहिलंय तेच टाकायचं, मग ते चार असो की पाच.

या मेसेजला उत्तर म्हणून हमखास दुसरं टोक गाठलं जातं: "हल्ली गिअरबॉक्स सीलबंद असतात, आयुष्यभर हात लावायची गरज नाही." हेही पटत नाही. त्याला ब्रीदर असतो, म्हणजे हवा आत-बाहेर जायला वाट असते. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या वाटेने पाणी ओढलं जातं. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ मधलं सांगली-कोल्हापूर, अशा पुरात चाकं बुडून उभ्या राहिलेल्या गाडीचं गिअर ऑइल किलोमीटर न मोजता काढून बघायचं असतं, गाडी कालच शोरूममधून आलेली असली तरी. पाणी शिरलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. त्यावर गाडी चालतेही काही दिवस, म्हणून लोक फसतात. तोवर आत बेअरिंगला गंज धरलेला असतो. इंजिनात पाणी गेलंय का हे सगळे विचारतात, गिअरबॉक्सचं कुणी विचारत नाही. विमा सर्व्हेअरला बोलावताना तेही लिहून द्या, आणि काढलेलं ऑइल त्याला दाखवायला बाटलीत ठेवा.

आणि ऑइल काढायची वेळ आलीच तर मेकॅनिकला आधी बाजूचा भरायचा प्लग सैल करायला सांगा, ड्रेन प्लग नंतर. उलट केलं आणि भरायचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही, अशा अवस्थेत गाडी लिफ्टवर लटकून राहते.