‘पाद्र्याला धंद्यातलं काय कळतं?’ : नेल-ब्रॉइनिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूला धंद्यातलं काय कळणार? आणि चर्चची उद्योगनीती म्हणजे ‘मालकांनो, चांगलं वागा’ एवढंच. ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉइनिंग या जर्मन जेझुइटांच्या बाबतीत यातलं काहीच मला पटत नाही.

त्यांचा १९२८चा प्रबंधच शेअर बाजारातल्या नीतीवर होता. त्याच वर्षी ते फ्रँकफुर्टच्या सांक्ट गेओर्गेन या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पुढे, १९४८ ते १९६५, पश्चिम जर्मनीच्या अर्थमंत्रालयाच्या सल्लागार मंडळावर होते. नुसत्या प्रवचनकाराला तिथे कोण बसवेल?

उपदेशाबद्दल म्हणाल, तर पोप अकरावे पायस यांचं १९३१चं ‘क्वाद्रागेसिमो आन्नो’ हे परिपत्र काढा. मसुदा मुख्यतः नेल-ब्रॉइनिंग यांचा. त्यातला वेतनाचा भाग वाचा. वेतन ठरवताना तीन गोष्टी पाहायच्या: कामगाराचं घर चालतं का, उद्योगाची कुवत किती आणि सगळ्या समाजाचं हित कशात. वेतन अति घसरलं तरी बेकारी, अति चढलं तरी बेकारी, हेही त्यात आहे. कुवतीचं नाव काढलं की मालक ‘परवडत नाही’ म्हणणार, हे उघडच. म्हणून पुढचा प्रश्न येतो: का परवडत नाही? व्यवस्थापनाची ढिलाई असेल, तंत्रात सुधारणा केली नसेल, तर वेतन कापायला ते कारण चालणार नाही. माल पडेल भावात विकायला कोणी भाग पाडत असेल, तर दोष त्या भाग पाडणाऱ्याचा. आणि कारखाना बुडेल एवढी मागणी कामगारांनी करणं हाही अन्यायच. पुरवठादाराला पिळणाऱ्या मोठ्या खरेदीदारांना हा मजकूर आजही झोंबेल!

शिवाय चर्च एका सुरात बोलत होतं असंही नाही. कारखान्याच्या निर्णयांत कामगारांना वाटा असावा का, यावर नेल-ब्रॉइनिंग अनुकूल होते. त्यांचेच जेझुइट सहकारी गुस्ताव गुंडलाख यांचा मात्र तो कामगाराचा नैसर्गिक हक्क मानायला विरोध होता, आणि १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनीही तसंच बजावलं.

तुमच्या टीकेला खरी जागा आहे ती इथे. जर्मनीच्या १९५१च्या कायद्याने कोळसा आणि पोलाद उद्योगांत, हजारावर कामगार असलेल्या कंपन्यांत, साधारणतः अकरा जणांचं पर्यवेक्षक मंडळ (व्यवस्थापनावर देखरेख करणारं) आलं: पाच भागधारकांचे, पाच कामगारांचे, एक तटस्थ. १९७६च्या कायद्याने दोन हजारांवर कामगार असलेल्या इतर कंपन्यांनाही समसमान जागा दिल्या. पण मतं बरोबरीत अडकली की अध्यक्षाला दुसरं मत, आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांचा. म्हणजे जागा अर्ध्या, पण शेवटचा शब्द भांडवलाचा. यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत तर मला नक्की वाचायचं आहे.