चार रात्री कमी पडल्या, पडू देत

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकच विषय असतो: "तुझ्या किती रात्री झाल्या?" माझ्या ४६ झाल्यात. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या सदस्य-योजनेत वर्षभरात राहिलेल्या रात्रींवर सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या मिळतात, आणि प्लॅटिनम टिकवायला १ जानेवारी ते ३१ डिसेंबरमध्ये ५० लागतात. अशा वेळी काही जण आकडा भरायला गावातल्याच, याच योजनेतल्या एखाद्या स्वस्त हॉटेलात नुसतं चेक-इन करतात आणि घरी येऊन झोपतात. मी यंदा ते करणार नाहीये. नवीन मुलं विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

१० रात्रींचं सिल्व्हर जवळजवळ नावापुरतंच. भारतात तर एचडीएफसीच्या बॉनव्हॉय क्रेडिट कार्डावर ते नुसतं कार्ड घेतलं तरी मिळतं. २५ रात्रींच्या गोल्डला खोली रिकामी असेल तर निघायच्या दिवशी दुपारी २ पर्यंत थांबता येतं, पण नाश्ता नाही. खरी रेघ ५० वर, म्हणजे प्लॅटिनमवर आहे. बहुतेक ब्रँडमध्ये नाश्ता, जिथे लाउंज असेल तिथे लाउंज, आणि रिसॉर्ट वगैरे सोडले तर ४ वाजेपर्यंत खोली. रात्रभर प्रवास करून ऑडिटला जाणाऱ्या माणसाला त्या ४ वाजेपर्यंतच्या खोलीची किंमत विचारा! फुकट मिळणाऱ्या मोठ्या खोलीवर, म्हणजे स्वीटवर, मात्र भिस्त ठेवू नका. तिथे "उपलब्धतेनुसार" हा शब्द आहे आणि उपलब्ध काय ते हॉटेलच ठरवतं. आणि बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. मी एकदा चारशे रुपये वाचवायला दुसऱ्या साइटवरून केलं. रात्रही मोजली गेली नाही, नाश्ताही नाही.

गेल्या वर्षी आई-बाबांना घेऊन गेले होते. नाश्ता मी आणि सोबत एक जण, एवढाच. तिसऱ्याचे पैसे भरावे लागतात हे कळताच बाबा म्हणाले, "मला भूकच नाही, तुम्ही जा." आणि खोलीत घरून आणलेला चिवडा खात बसले. खाली आईने ताटलीत दोन इडल्या घेतल्या, एक खाल्ली, दुसरीकडे बघत हळूच म्हणाली, "ही रुमालात नेली तर चालेल का गं?" मी उठले, काउंटरवर तिसऱ्याचे पैसे भरले आणि बाबांना हाताला धरून खाली आणलं. ती सकाळ मला त्या प्लॅटिनमने दिली, हे मी नाकारणार नाही.

पण त्या वर्षीच्या ५० पैकी ४८ रात्री मी एकटी होते, कंपनीच्या पैशावर, कुठल्यातरी कारखान्याजवळच्या हॉटेलात. लेकीचं गॅदरिंग मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. तो सगळा हिशेब त्या ५० च्या आकड्यात कुठेच दिसत नाही. आता उरलेल्या चार रात्री स्वतःच्या खिशातून विकत घ्यायच्या, आणि त्याही घराबाहेर?

एक रात्र कमी असती आणि पुढच्या वर्षी भरपूर फिरती असती, तर कदाचित घेतलीही असती. चार नाही. फेब्रुवारीअखेरपर्यंत प्लॅटिनम आहे, मार्चपासून गोल्ड. जानेवारीत आई-बाबांना पुन्हा नेतेय. तिसऱ्या नाश्त्याचे पैसे या वेळी आधीच भरून ठेवलेत, बाबांना सांगितलेलं नाही.