मेसोपोटेमियाला ‘बाजूची आघाडी’ म्हणायचं का?

“महायुद्धाचा निकाल फ्रान्समध्ये लागला. बाकीच्या सगळ्या बाजूच्या आघाड्या,” सुहास म्हणाला आणि मंदारचा पारा चढला.

पहिल्या महायुद्धावर आमच्या कट्ट्यावर अधूनमधून चर्चा होते. सुहासचा अभ्यास व्हर्दन आणि सोम या फ्रान्समधल्या लढायांचा. कुठल्या दिवशी कुठली डिव्हिजन कुठे होती हे त्याला पाठ असतं. मंदारला वेड मराठा पलटणींचं, त्यामुळे त्याची गाडी फिरून मेसोपोटेमियावर, म्हणजे तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या आजच्या इराकवर येते. मेधाला या वेडाविषयीच शंका आहे. आणि नाना. नानांचं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं. ते फारसं बोलत नाहीत, पण बोलले की आम्ही गप्प बसून ऐकतो.

“बाजूची कशी?” मंदार म्हणाला. “फ्रान्समध्ये हिंदुस्थानातून गेलेली माणसं साधारण एक लाख चाळीस हजार. मेसोपोटेमियात हमाल, खेचरवाले, भिश्ती सगळे धरले तर सहा लाखांच्या आसपास. आपल्या दृष्टीने मुख्य आघाडी कुठली ठरते मग?”

“माणसं जास्त होती म्हणून आघाडी महत्त्वाची ठरत नाही. 1918 मध्ये जर्मनी मोडली ती पश्चिमेला. बगदाद पडलं नसतं तरी मोडलीच असती.”

सुहासचं हे म्हणणं खोडणं अवघड आहे आणि मी ते खोडायला गेलोही नाही. बगदाद 11 मार्च 1917 ला जनरल मॉडच्या हाती आलं, त्याने बर्लिनमध्ये फारसं काही हललं नाही. पण युद्ध कुणी जिंकलं एवढाच प्रश्न इतिहासाला विचारायचा असेल तर निम्म्याहून जास्त युद्ध वाचायची गरजच उरत नाही. मला विचारायचं असतं ते वेगळंच. सातासमुद्रापार माणसं पाठवणाऱ्या सरकारने त्यांना पोचवायची, खाऊ घालायची आणि जखमी झाल्यावर परत आणायची काय सोय केली होती? याचं उत्तर सोममध्ये मिळत नाही. ते तैग्रिस नदीवर मिळतं.

मंदारने सुरुवातीपासून मांडायला घेतलं. 6 नोव्हेंबर 1914 ला इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओला फौज उतरली. सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड, आणि तिच्यात ‘117 मराठा’ ही पलटण. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि आखाताचं तोंड सांभाळायचं, एवढंच काम होतं. त्याच नोव्हेंबरात बसरा घेतलं. एप्रिल 1915 मध्ये बसऱ्याजवळ शैबाला मोठी लढाई झाली, तिथे 110 आणि 117 मराठा या दोन्ही पलटणी होत्या. हरलेल्या तुर्की सेनापतीने, सुलेमान अस्करीने, स्वतःवर गोळी झाडून घेतली. मग तैग्रिसच्या काठाने वर अमारा, मग सप्टेंबरात कूत. प्रत्येक वेळी ‘अजून थोडं पुढे’.

“आणि बगदाद दिसायला लागलं,” सुहास म्हणाला. “तुर्कस्तानात गॅलिपोलीला नाचक्की झाली होती. कुठेतरी विजय दाखवायचा होता लंडनला आणि सिमल्याला. पूना डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड, त्याने शंका काढल्या होत्या, पण त्याचा वरिष्ठ निक्सन, त्याने त्याला पुढे ढकललं.”

“म्हणजे तुला सगळं माहीत आहे!”

“माहीत आहे. महत्त्वाचं वाटत नाही.”

22 नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांशी गाठ पडली. टाउनशेंडकडे एकच डिव्हिजन, तीही घासून बारीक झालेली. पहिल्या दिवशी तुर्कांचे पहिले खंदक हाती आले, पण मेलेले आणि जखमी मिळून चार हजारांवर माणसं गेली. माघार घेण्यावाचून पर्याय उरला नाही.

इथे मेधाने तोंड उघडलं. “जखमींचं काय झालं ते सांग. तुमच्या नकाशांवर बाण असतात, ते पुढे जाणारे. मागे येणारे बाण कुणी काढत नाही.”

ते नानांनी सांगितलं. टेसिफॉनचे जखमी बिनस्प्रिंगच्या गाड्यांमधून नदीवर आणले आणि बोटींवर भरले. मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर बसऱ्याला होता. ‘मजिदिया’ नावाची बोट येताना त्याने लांबून पाहिली, तेव्हा तिच्या कडेने दोरखंड लोंबताहेत असं त्याला वाटलं. बोट जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा आहे. डेकवर माणसं इतकी खच्चून भरलेली, त्यात हगवण, हाडं मोडलेली. जागचं हलता येत नव्हतं. कार्टरने हे लिहून वर कळवलं, तर उलट त्यालाच अटकेची धमकी मिळाली.

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग नाना स्वतःच पुढे म्हणाले, “आता मी तुम्हाला बंदर सांगतो. बसऱ्याला धक्काच नव्हता. समजतंय का? मोठी जहाजं शत्त-अल-अरब नदीत नांगर टाकून उभी. माल उतरवायचा तो महेल्यांमध्ये, म्हणजे तिथल्या शिडाच्या होड्यांमध्ये, आणि मग काठावर चिखलात. आठवडेच्या आठवडे जहाज रिकामं होत नसे. आणि उतरवल्यावर पुढे कसं न्यायचं? रेल्वे नाही. रस्ता पावसात चिखलाचा. उरली नदी. ती उथळ, वळणावळणाची, वाळूचे दांडे रोज जागा बदलणार. तिच्यावर चालतील अशा कमी खोलीच्या बोटी हव्यात, आणि त्याच नव्हत्या. हिंदुस्थान-ब्रह्मदेशातल्या नद्यांवरच्या बोटी समुद्रातून ओढत आणायचा प्रयत्न झाला, त्यातल्या काही वाटेतच बुडाल्या. नदीची बोट ती, समुद्राच्या लाटा कशा झेपणार तिला?”

“मागणी केली नव्हती?” मी विचारलं.

“केली होती. मिळायला उशीर. सरकारचा हात आखडता. आणि सेनापती पुढे सरकत राहिला, बोटी मोजल्याशिवाय. जहाजावरचा साधा मेट असलं करणार नाही.”

माझ्या मते साऱ्या मोहिमेचं मर्म नानांच्या या दोन-चार वाक्यांत आहे. टाउनशेंड मागे येऊन कूतमध्ये थांबला, 7 डिसेंबर 1915 ला वेढा पडला, आणि तो 29 एप्रिल 1916 ला शरणागतीनेच संपला. जवळजवळ पाच महिने. सोडवायला नव्या डिव्हिजन बसऱ्यात उतरल्या होत्या! माणसं होती, तोफा होत्या. त्या वर न्यायला बोटी नव्हत्या. त्यामुळे सुटकेच्या फौजेचा सेनापती जनरल एल्मर याने हाताशी आलेल्या अर्ध्यामुर्ध्या फौजेनिशी एकामागून एक हल्ले केले. शेख साद, वादी, हन्ना. तिन्ही एकाच जानेवारीत. हन्नाच्या हल्ल्यानंतर जखमी पावसात, थंडीत, चिखलात रात्रभर पडून होते. वेढ्यात अडकले सुमारे 13,000, आणि त्यांना सोडवताना मेले-जखमी झाले सुमारे 23,000.

“एल्मरला घाई का होती ते सांगा,” सुहास आता पुढे सरकून बसला होता. “टाउनशेंडने सुरुवातीला कळवलं की शिधा महिना-दोन महिने पुरेल. म्हणून एल्मर धावला. मग जानेवारीच्या शेवटी शहरात शोध घेतला तर धान्याचे साठे सापडले, आणि फौज एप्रिलअखेरपर्यंत टिकली. पहिल्याच आठवड्यात घरोघर मोजदाद केली असती तर?”

“तर एल्मर थांबला असता, पूर्ण ताकदीने गेला असता,” मंदार म्हणाला. “आणि दुजैला! 8 मार्चला रात्रभर चालून पहाटे तुर्कांच्या पुढ्यात पोचले. खंदकात मोजकी माणसं. पण ठरल्याप्रमाणे आधी तोफांचा मारा व्हायला हवा म्हणून हल्ल्याचा सेनानी केंबल थांबून राहिला. तेवढ्या वेळात तुर्कांनी कुमक आणली. कूत तिथून दिसत होतं रे.”

पुढचा बराच वेळ दोघं दुजैलावर भांडले. सुहासला ही आघाडी महत्त्वाची वाटत नाही. तरी केंबलकडे कुठली ब्रिगेड किती वाजता पोचली यावर तो आवाज चढवून बोलत होता.

मेधाने दोघांना थांबवलं. “तुम्ही दोघंही सेनापतीच्याच खुर्चीत बसून बोलताय. कूतच्या आत शिपाई काय खात होता?”

हा भाग मंदारला चांगला ठाऊक होता. आत तीन मराठा पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. एप्रिल येईपर्यंत माणशी रोजचं पीठ चार-पाच औंसांवर आलं. घोडे आणि खेचरं मारून मांस वाटायला सुरुवात झाली होती. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी कित्येक आठवडे नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवून त्यांना ऐकवली, तरी फार फरक पडला नाही. अगदी शेवटी शेवटी बरेच जण खायला लागले. तोवर ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने माणसं पोखरली होती. भाजी म्हणून रानपाला खुडून शिजवत होते.

“हट्टीपणा,” सुहास म्हणाला.

“हट्टीपणा कसला?” मेधा उसळली. “परत गेल्यावर गाव पंक्तीला बसू देईल का, मुलीचं लग्न होईल का, याची भीती होती. बिनतारीवरचा शास्त्री त्याच्या गावी येऊन पंचांना समजावणार होता का? सरकारला तो फक्त आत्ता जगायला हवा होता. त्याला नंतरही जगायचं होतं.”

मला हे फार पटलं.

शरणागती टाळायला लंडनने पैसेही देऊ केले. तुर्की सेनापती खलील पाशाकडे बोलणी करायला जे अधिकारी पाठवले त्यात टी. ई. लॉरेन्स होता. आधी दहा लाख पौंड, मग वीस. खलीलने नकार दिला. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. रस अल-ऐन, तौरस आणि अमानुसचे डोंगर. पकडलेल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त कैदेत मेले, आणि हिंदी शिपाईही हजारांनी.

“आणि यातलं मराठीत काय आहे?” मेधाने विचारलं. “बंगाली अँब्युलन्स कोअरमधला शिशिर सर्बाधिकारी कूतमध्ये होता, कैदेत गेला, परत आला आणि त्याने आठवणी लिहिल्या. कल्याण मुखर्जी नावाचा डॉक्टर रस अल-ऐनला वारला, पण त्याची पत्रं घरच्यांनी जपली आणि छापली. ती सुशिक्षित घरातली माणसं होती. आपल्या रत्नागिरी-साताऱ्याच्या शिपायाला लिहिता येत नव्हतं. तुम्हाला वाटतं आघाडी विसरली गेली. ती लिहिली गेली नाही, हे आधी बघा.”

मंदारने यावर पलटणींचे सन्मान काढले. 117 मराठांना 1921 मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला, 114 मराठांनी 1918 मध्ये शरकातच्या लढाईत नाव काढलं. मेधाने मान हलवली. “शौर्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ते इराक घ्यायला गेले होते, आणि 1920 मध्ये इराकी लोक उठले तेव्हा तो उठाव मोडायलाही हिंदी पलटणीच वापरल्या. हेही त्याच अभिमानाच्या पाटीवर लिहाल का?”

लिहायला हवं, असं मला वाटतं आणि मी तसं म्हणालोही. मंदार काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, “लिहू. पण पाटी तर हवी ना.”

सुहासचा मूळ मुद्दा मी मग पुन्हा उकरला, कारण मला त्याला एक उत्तर द्यायचं होतं. या आघाडीने जर्मनी मोडली नाही हे खरं. पण कार्टरसारख्यांच्या तक्रारींमुळे मेसोपोटेमिया कमिशन बसलं. त्याचा अहवाल 1917 च्या उन्हाळ्यात बाहेर आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला, आणि त्याच्या जागी आला माँटेग्यू. पदावर येण्याआधी काही दिवस त्याने पार्लमेंटमध्ये हिंदुस्थान सरकारचा कारभार लाकडी, लोखंडी, जुनाट म्हणून झोडपला होता. 20 ऑगस्ट 1917 ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्याचीच.

“ती घोषणा लखनौ करार, टिळक आणि बेझंट यांच्या होमरूल लीग यांच्यामुळे,” सुहास लगेच म्हणाला. “मसुदा चेंबरलेनच्याच काळात घोळत होता. कूतला श्रेय देऊ नकोस.”

“सगळं देत नाही. पण सरकार हे राज्य चालवायला लायक आहे, हा दावा तैग्रिसवर सर्वांसमोर फुटला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी माणसं हवीत तर हक्क द्या असं म्हणायला सुरुवात केली, आणि गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं. या मागणीला कूतचं वजन होतं.”

“होतं, पण किती? तेच तर मोजता येत नाही.”

यावर आमचं एकमत झालं नाही.

नानांना बसऱ्याच्या स्मारकाबद्दल बोलायचं होतं. चाळीस हजारांवर मृतांची आठवण त्यावर आहे. 1997 मध्ये सद्दामच्या हुकमाने ते मूळ जागेवरून उचलून शहरापासून 32 किलोमीटरवर वाळवंटात नेलं. त्याहून नानांना लागलेली गोष्ट वेगळी. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणीखाली फक्त आकडे. नावं वहीत ठेवली. युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या आयोगाने 2021 मध्ये अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

“आपल्याकडे गावोगाव दगड आहेत,” मंदार म्हणाला. “या गावातून इतके लढाईवर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तिथेही आकडेच. वहीतली नावं आणि गावातले दगड जुळवता येतील. नोंदीत पुष्कळदा गाव, तालुका, बापाचं नाव असतं.”

“आणि भिश्ती, डोलीवाले, तुरुंगातून सोडून बसऱ्याला कामाला नेलेले कैदी?” मेधा म्हणाली. “त्यांच्यापासून सुरू करणार असशील तर मी येते.”

मंदार तयार झाला. सुहास मात्र नानांकडे वळला होता. “नाना, एक बोट बसऱ्याहून वर जाऊन माल उतरवून परत यायला किती दिवस धरायचे? बोटींची संख्या, फेऱ्या आणि टाउनशेंडचा शिधा एका कागदावर मांडला तर हन्नाचा हल्ला टळला असता का ते कळेल.”

“टळला असता,” मंदार म्हणाला.

“असं नुसतं म्हणून चालत नाही,” सुहास म्हणाला. “आधी फेऱ्या मोजू.”