कडूपणाची शर्यत

पुण्या-मुंबईकडचा जो तो क्राफ्ट बिअरवाला (छोट्या भट्टीत बिअर बनवणारा) आयपीए नावाची कडसर बिअर काढतोय. एकानं ४० आयबीयू (हे कडूपणाचं माप) म्हटलं की दुसरा लगेच ६५! कारल्याचा रस विकताय का रे? हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा नि वास देणाऱ्या फुलांचा, खरा डौल वासात, संत्र्याच्या सालीसारख्या. तो टिकतो ताज्या, गार कॅनमध्ये. आमच्या सांगलीत मात्र भर मे महिन्यात कॅन उघड्या फळीवर, धूळ खात. तळाची तारीख बघावी तर गेल्या दिवाळीची. फोडला की वास गायब, उरतो नुसता कडूपणा आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. वर दुकानदार म्हणतो, "दादा, आयपीए अशीच असतीय!" पैसे साध्या बिअरच्या दुप्पट. आयबीयू वाढवा हो खुशाल, पण आधी दुकानदाराला एक फ्रिज द्या. सोबतचं भडंग उगाच वाया जातंय.