सेटिंग बदलली, पण कोणाची?

स्वतःच्याच लॅपटॉपवरच्या मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरची एक मर्यादा वाढवण्यात अख्खी दुपार जावी, हे आता दर दोन-तीन महिन्यांनी होऊ लागले आहे. जुन्या प्रकल्पाचा डेटा भरायला घेतला की 2006 क्रमांकाची ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ ही त्रुटी येते. वास्तविक सर्व्हर कुठेही गेलेला नसतो, त्याला एवढा मोठा घास गिळवत नाही, इतकेच. ‘मॅक्स अलाउड पॅकेट’, म्हणजे एका घासाची कमाल मर्यादा, वाढवायचे, हा उपाय मला तोंडपाठ आहे. मात्र ‘सेट ग्लोबल’ या आज्ञेने ते वाढवले, तर आधीपासून चालू असलेल्या जोडणीला जुनीच मर्यादा राहते आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की मुसळ केरात. सेटिंगची फाइल उघडावी, तर ती ‘माय.सीएनएफ’ एकाहून अधिक जागी असू शकते आणि शेवटी वाचली जाणारी जिंकते. परवा मी 64 एमबीचे 256 केले, तीनदा रीस्टार्ट केले, तरी पडद्यावर 67108864 (म्हणजे बाइटमध्ये तेच 64 एमबी) हाच आकडा ढिम्म उभा. कारण ती ओळ मी ‘मायएसक्यूएलडी’ या सर्व्हरच्या मथळ्याऐवजी ‘मायएसक्यूएल’ या मथळ्याखाली लिहिली होती, म्हणजे मर्यादा वाढली ती क्लायंटची, सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रोग्रामची. एका ‘डी’पायी! चूक माझीच, हे मान्य. पण कोणी हूं की चूं करू नये? डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, तर फाइल सर्वांना लिहिण्यास खुली राहिली, तर सर्व्हर ती वाचतच नाही आणि तसे लॉगमधल्या एकाच ओळीत पुटपुटून मोकळा होतो.