हप्ता उशिरा आला, तर शेरा कोणाच्या नावावर?

परदेशी निधीतून मंगळवेढा-सांगोल्याकडं पाणलोटाचं काम निघालं की गावातून हजेरीपट, व्हाउचरं, फोटो सगळं वर जातं. वरून खाली मात्र हिशेब येत नाही. परदेशी मदत परिणामकारक व्हावी म्हणून देणाऱ्या-घेणाऱ्या देशांनी केलेल्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यातलं पाचवं तत्त्व होतं परस्पर उत्तरदायित्व, म्हणजे घेणाऱ्यासारखाच देणाऱ्यानंही जाब द्यायचा. त्या जाहीरनाम्यानं २०१० साठी ठरवलेल्या १३ उद्दिष्टांपैकी जागतिक पातळीवर एकच गाठलं गेलं.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हे सगळ्यात जास्त बोचतं ते हप्त्याच्या तारखेत. शाळू ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चात उरकते. तिथून जूनच्या पावसापर्यंत रान मोकळं, आणि बांधबंदिस्तीला तेवढेच दिवस. पण अनेक दात्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. मागच्या हप्त्याचं ऑडिट मान्य झाल्याशिवाय पुढचा सुटत नाही, आणि तेवढ्यात मे सरतो. पैसे जुलैत येतात. काळ्या रानात जेसीबी रुततो, मग शेतकरी पेरणीला लागतो. अहवालात शेरा पडतो: 'संस्थेकडं निधी अखर्चित'. दात्याच्या उशिराला त्या तक्त्यात रकानाच नसतो!

गावात काम करणाऱ्या संस्थेनं परदेशी निधीच्या वार्षिक हिशेबाचं एफसी-४ विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं, हे कायद्यानं बांधलेलं आहे. तशी तारीख दात्यालाही हवी, आणि ती करारातच. हप्ता चुकला तर लेखी कारण द्यावं आणि कामाची मुदत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आपोआप वाढावी.

मोठ्या दात्यांची माहिती २००८ मध्ये घानातल्या अक्रा इथं सुरू झालेल्या आयएटीआय या मदतीची माहिती खुली करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात मिळते. त्याच्या डी-पोर्टल या संकेतस्थळावर देश निवडून बघा. तिथं मंजूर रक्कम, वितरित रक्कम आणि खर्च वेगवेगळे दिसतात. त्यांची बेरीज करू नका, एकच पैसा दोनदा-तीनदा मोजला जाईल. ठिकाणाच्या जागी बऱ्याचदा नुसतं 'भारत' असतं. त्यावरून सांगोल्याच्या माणसानं आपलं गाव कसं शोधायचं?

म्हणून चावडीबाहेरच्या फलकावर एवढं तरी मराठीत असावं: करारातली एकूण रक्कम, प्रत्येक हप्त्याची ठरलेली आणि प्रत्यक्ष तारीख, परकीय चलनाच्या त्या दिवशीच्या दरानं हाती आलेले रुपये, आणि गट नंबरनिहाय काम. १ मेच्या ग्रामसभेत हा फलक वाचून दाखवावा. त्या दिवशी हप्ता आला नसेल, तर तसं ठरावात नोंदवून त्याची प्रत दात्याला पाठवावी. पावसाला तेव्हा महिनाभर अवकाश असतो.