कोरोनात शेतकऱ्याची चांदी झाली म्हणे

तो मेसेज पुन्हा फिरून आला गावच्या ग्रुपवर. "कोरोनात नोकरदाराचा पगार अडकवला आन शेतकऱ्याले घरबसल्या पैसे वाटले, सन्मानचे दोन हजार, दोन लाखाची कर्जमाफी, हेक्टरी दहा हजार, वरून एक लाख कोटीचं पॅकेज." खाली अंगठे देणारे अर्धे शेतकऱ्याचीच पोरं, काय बोलावं बाप्पा.

पगाराचं खरं हाय. मार्च 2020 चा राज्य कर्मचाऱ्याचा पगार दोन टप्प्यात झाला, राग येणारच. पण तो राग आमच्यावर काहून?

आता ते दोन हजार. ते पीएम किसान सन्मान निधीचे, ही योजना 2019 पासून चालू हाय, वर्षाचे 6000, तीन हप्त्यात. मार्च 2020 मध्ये केंद्राच्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 1.70 लाख कोटीचं पॅकेज सांगितलं, त्यात हाच येणारा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच टाकतो म्हटलं, म्हणजे जो मिळणारच होता तो थोडा लवकर मिळाला, जास्तीचा एक रुपया नाई, आन महिन्याले हिशेब काढला तं 500 पडतात. मक्त्यानं वावर करणाऱ्याले तं तेही नाई, सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

कर्जमाफी जाहीर झाली डिसेंबर 2019 मध्ये, नागपूरच्या अधिवेशनात. तवा आपल्या इकडं कोरोनाचं नावही कोणाले माहीत नव्हतं. कोरोनानं उलट खोळंबा केला, आधार प्रमाणीकरणाले अंगठा लावा लागे आन लॉकडाऊनमध्ये तेच थांबलं, इकडं पेरणी तोंडावर.

हेक्टरी दहा हजार हे अतिवृष्टीचे राजेहो! ऑक्टोबर 2020, सोयाबीन पाण्यात सडलं त्याचे, तेही दोन हेक्टरपर्यंतच. एकराले चार हजार झाले, बियाण्याची एक थैली आन डीएपी खताचं एक पोतं घेतलं की संपल्यासारखेच.

मेसेजमधलं एक लाख कोटीचं पॅकेज म्हणजे गोदाम, कोल्ड स्टोरेज बांधाले कर्ज, व्याजात 3 टक्के सूट. कर्जाले वाटप म्हणत असान तं मंग बँकेनं तुमाले घरासाठी दिलेलंही वाटपच.

आन घरबसल्या म्हणता तं आमच्या घरात बसला होता कापूस. लॉकडाऊन लागला तवा सरकारी खरेदी बंद पडली, लांब धाग्याचा हमीभाव 5550 होता पण घेणारा कोणी नाई. एप्रिलच्या शेवटी केंद्रं उघडली तं रोजच्या मोजक्याच गाड्या, नाव नोंदवा, फोनची वाट पाहा, गाडी घेऊन गेलं की माल तपासणारा ग्रेडर म्हणे हा माल बसत नाई. समोरच्या खोलीत छतापर्यंत गंजी, पोरं त्याच्यावरच झोपत आन रात्रभर अंग खाजवत, कापसातले किडे चावत होते. मिरग लागला, बियाण्याले पैसे पाहिजे होते, शेवटी अर्धा माल गावात आलेल्या व्यापाऱ्याले दिला, त्यानं क्विंटलले चार हजाराच्या वर भाव काढलाच नाई. बाकीच्याचा नंबर जूनच्या शेवटी लागला, तवर पेरणी होऊन गेली होती.